कुंडीतला माड पुण्याच्या थंडीत तगेल का?

सायली_बावधन:
नमस्कार मंडळी, बागकाम विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, जागा चुकली असेल तर हलवा.

गणपतीला गुहागरला गेलो होतो तेव्हा सासूबाईंनी परसातला कोंब आलेला नारळ दिला, "तिकडे लाव, घरचा माड असू दे" म्हणून. सोसायटीत जमिनीत लावायला जागा नाही (असली तरी कमिटीला विचारायची माझी हिंमत नाही) म्हणून बाल्कनीत मोठ्या कुंडीत लावला. नववा मजला. दसऱ्यापर्यंत झकास होता, नवीन पान पण काढलं. दिवाळी झाली, गारठा पडायला लागला आणि तेव्हापासून नुसता उभा आहे. जुन्या पानांची टोकं तपकिरी होतायत आणि मधला भाल्यासारखा कोंब उघडायचं नावच घेत नाहीये. माती नर्सरीतलं तयार पॉटिंग मिक्स आहे, पाणी रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर घालते.

आता घरात घेऊ की बाहेरच ठेवू? नवरा म्हणतो आत घे, हॉटेलच्या लॉबीत असतात तसा छान दिसेल. आणि मुळात पुण्याच्या थंडीत कुंडीतला नारळ जगतो का, कुणी वाढवलाय का? सासूबाई दर फोनला आधी माडाची चौकशी करतात, मग नातवाची, माझा नंबर लागेपर्यंत फोन ठेवायची वेळ होते.

पेठेतला_बाळ:
पुण्यात नारळ जगत नाही हे कुणी सांगितलं? आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात आजोबांनी लावलेले अजून उभे आहेत. प्रभात रोड, एरंडवणे, कोरेगाव पार्क, कुठल्याही जुन्या बंगल्याच्या आवारात मान वर करून बघा. फळ कोकणापेक्षा लहान धरतं, पण धरतं. थंडीचं फार कौतुक चाललंय.

रानजाई:
बाळ, ते सगळे जमिनीतले आहेत. प्रश्न कुंडीचा आहे.

जमिनीत दोन-तीन फुटांवर माती रात्रीत फारशी गार होत नाही, त्यामुळे वर हवा दहा अंशांवर गेली तरी मुळांना पत्ता लागत नाही. कुंडीला चारही बाजूंनी हवा लागते, पहाटेपर्यंत अख्खा गोळा बाहेरच्याइतका गार. नारळ सत्तावीसच्या आसपास खूश असतो, विसाच्या खाली त्याची वाढ मंदावते. मुळं गारठली की पाणी ओढत नाहीत. पान मात्र दिवसाच्या कोरड्या हवेत पाणी सोडत राहतं, म्हणून टोकं सुकतात. आपल्याला वाटतं झाड तहानलंय आणि आपण अजून पाणी ओततो, माती आठवडाभर ओलीगार राहते आणि मुळं कुजतात. पुण्यात कुंडीतले पाम हिवाळ्यात जातात ते बहुतेक वेळा असे, गार आणि ओल्या मातीने. नुसत्या थंडीने क्वचित.

सायली, रोजचं पाणी आजपासून बंद कर. मातीत बोट खुपसून बघायचं, दोन पेरं कोरडं लागलं तरच आणि ते सुद्धा सकाळी. संध्याकाळी घातलेलं पाणी रात्रभर मुळाशी गार होत बसतं.

चिंगी:
"माझा नंबर लागेपर्यंत" =)) =))

माडाचीवाडी:
माड कुंडीत कित्याक लावलंस गो बाय? तो काय तुळस आसा?

बरं मस्करी सोडा. नारळ मातीत किती पुरलायस ते सांग. आमच्याकडे रोपं करताना नारळ आडवा ठेवतात आणि वरचा भाग उघडा राहील इतकीच माती घालतात. कुंडीत लोक सगळा नारळ गाडून टाकतात, मग कोंबाच्या बुडाशी ओल राहते आणि तिथनं सड लागते. आणि नारळ कापून वेगळा करू नको हां, आतल्या खोबऱ्यावरच रोप पहिलं वर्षभर पोसलं जातं. लहानपणी कोंब आलेला नारळ फोडून आतला पांढरा गोड गोळा खायचो ना, तो गोळा म्हणजे रोपाची शिदोरी.

दुसरं, खडेमीठ घाल मूठभर. माडाला मीठ लागतं.

गच्चीवाला:
मीठ??? कुंडीत???? वाडीवाले तुम्ही गरीब बिचाऱ्या रोपाच्या जिवावर उठलात.

माडाचीवाडी:
आमचे आजे-पणजे खड्ड्यात मीठ घालून माड लावत आले, ते सगळे मूर्ख काय?

नानासाहेब_निवृत्त:
दोघांचेही बरोबर आहे, फक्त जागा वेगळी. मी कृषी खात्यातून निवृत्त, त्यातली बरीच वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात गेली, म्हणून लिहितो.

नारळाला क्लोराइडची गरज इतर झाडांपेक्षा खरोखर जास्त असते. किनाऱ्यावर ती खाऱ्या वाऱ्यातून आपोआप भागते. किनाऱ्यापासून लांब, चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत आणि भरपूर पावसात खड्ड्यात मीठ घालण्याला अर्थ आहे, कारण जास्तीचे मीठ पावसाने धुऊन जाते. कुंडीत ते कुठे जाणार? पाणी उडून जाते, मीठ मागे राहते आणि मुळांभोवती साचते. पुण्यात पाऊस रत्नागिरीच्या पाव हिश्श्याच्या आसपास, त्यातून छताखालच्या बाल्कनीत तोही पडत नाही. शिवाय म्युरेट ऑफ पोटॅश या खतात क्लोराइड असतेच, फेब्रुवारीनंतर त्याचा चमचाभर हप्ता दिला की पोटॅश आणि क्लोराइड दोन्ही भागतात. तेव्हा सायलीताई, मीठ नको. आत्ता थंडीत खतसुद्धा कसलेच नको, मुळे काम करत नसताना खत घालून उपयोग नाही.

आता एक विचारतो, तुमच्याकडे पाणी कुठले? महापालिकेचे की टँकरचे?

सायली_बावधन:
धन्यवाद सगळ्यांना. रानजाई, आजपासून पाणी सकाळी. माडाचीवाडी, नारळ पूर्ण गाडलाय, नुसता कोंब वर आहे :( आज वरची माती काढते.

नानासाहेब काका, पाणी बहुतेक टँकरचं आणि बोअरचं मिक्स. आणि खरं सांगू का, आरओचं जे वाया जाणारं पाणी बादलीत साठतं ना ते घालते मी झाडांना. फेकवत नाही हो.

रानजाई:
अरे देवा.

गच्चीवाला:
बाहेर काढलेलं मीठ कुणाला सापडत नव्हतं, ते बघा सापडलं. वाडीवाले, तुमचं मूठभर मीठ वहिनी आधीपासूनच रोज घालतायत.

नानासाहेब_निवृत्त:
आरओ यंत्र क्षार गाळून ज्या पाण्यात सोडते तेच ते पाणी. बोअरचे पाणी आधीच जड, त्यात हे आणखी घट्ट झालेले. फरशी पुसायला, संडासात ओतायला उत्तम, कुंडीला नाही. कुंडीच्या काठाला किंवा खालच्या ताटलीत पांढरा थर आला आहे का बघा. टोके जळण्यात याचा वाटा नक्की असणार. खडकवासल्याचे नळाचे पाणी त्या मानाने खूप हलके असते, ते येईल त्या दिवशी एक-दोन बादल्या धरून ठेवा. एकदा, दुपारी ऊन असताना, कुंडीतून भरपूर हलके पाणी वाहू द्या म्हणजे साचलेले क्षार खालून निघून जातील, त्यानंतर मात्र माती चांगली सुकेपर्यंत हात लावू नका. ताटली काढून टाका आणि कुंडी दोन विटांवर ठेवा.

हडपसरकर:
बावधनला थंडी जास्तच असते, आमच्याकडे मगरपट्ट्याला तेवढी नसते. रोज पेपरात येतं, पाषाण, एनडीए, शिवाजीनगर एक आकडी आणि मगरपट्टा, वडगावशेरी मस्त उबदार. माड आमच्याकडे पाठवा.

पेठेतला_बाळ:
तुमच्याकडे उबदार कारण तिथे नुसतं सिमेंट आहे, रात्रभर तापलेलं राहतं.

हडपसरकर:
मग लवळ्याचं काय? तिथे कुठलं आलंय सिमेंट, टेकडीवर आहे, तरी पाषाणपेक्षा रात्री उबदार असतं.

डॉक्टर_घुबड:
तेच तर. वारा पडलेला असला की गार हवा जड म्हणून खाली उतरते आणि सखल भागात साचते, एनडीए खोलगट भागात आहे म्हणून तिथे पारा खाली. लवळे उंचावर म्हणून वर. त्या हिशोबाने सायलीचा नववा मजला उलट फायद्याचा आहे, तळमजल्यावरच्या बागेपेक्षा रात्री तिथे थोडं उबदारच असणार. वारा लागतो हे खरं, पण तो कुंपणाला शेडनेट बांधून अडवता येतो.

आणि थंडीची इतकी भीती पण नको. पुण्याचा जुना रेकॉर्ड १९३५ च्या जानेवारीतला १.७ अंशांचा आहे, पण हल्लीच्या हिवाळ्यात सात-आठच्या खाली पारा गेला की बातमी होते, आणि ते सुद्धा पहाटेचे दोन-तीन तास. दुपारी परत अठ्ठावीस-तीस. नारळाला एखादी रात्र नाही मारत, सलग आठवडेच्या आठवडे गारठा असेल आणि दिवसाही ऊब मिळत नसेल तर तो हरतो. पुण्यात दिवसाचं ऊन मिळालं की तो रात्रीचं सोसून नेतो.

त्यावरून आठवलं, इतक्या लांबड्या धाग्यात एकानेही विचारलं नाही, बाल्कनी कुठल्या दिशेला आहे?

सायली_बावधन:
उत्तर.

डॉक्टर_घुबड:
झालं मग.

सायली_बावधन:
काय झालं?? नीट सांगा ना.

डॉक्टर_घुबड:
सॉरी, ओपीडीत होतो. पुणे साडेअठरा अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, बाकी वर्षभर दक्षिणेला. म्हणजे उत्तरेच्या बाल्कनीला चांगलं ऊन मिळतं ते उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला, आणि ते पावसाळ्यात ढगात जातं. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य पार दक्षिणेला सरकला की तिथे थेट ऊन शून्य. तुमचा माड दसऱ्यापर्यंत झकास होता आणि दिवाळीनंतर थांबला, तारखा लावून बघा. नारळ हे भर उन्हातलं झाड आहे. थंडी, सावली, ओली माती आणि खारं पाणी असं सगळं एकदम आलंय, त्यात एकटी थंडी फार काही करणार नव्हती.

म्हणून घरात घ्यायचा प्रश्नच नाही. आत ऊब मिळेल पण उजेड अजून कमी, मग पानं लांबुडकी, लेचीपेची होतात आणि पुढे उन्हात काढलं की भाजतात.

अवि_एडिंबरा:
खूप दिवसांनी बागकामात डोकावलो, इथे स्कॉटलंडमध्ये बसून पुणेकर "थंडी थंडी" करताना वाचायला मजा येते. आमच्याकडे डिसेंबरात दिवस सात तासांचा, त्यातही सूर्य कामावर येतो की नाही याची खात्री नाही.

घुबडसाहेबांचा मुद्दा शंभर टक्के. इथे दुकानात नारळासकट कुंडीतला माड विकायला असतो, फर्निचरच्या बाजूला. मी हौसेने आणला. हीटर होता, ऊब होती, रोज कौतुक होत होतं. नारळातलं खोबरं होतं तोवर टिकला, ते संपलं आणि उजेड नाही म्हटल्यावर मार्चपर्यंत गेला. बाहेरच्या देशांतले सगळे घरातले नारळ साधारण ह्याच रस्त्याने जातात.

त्यानंतर मी लाइनच बदलली. ट्रॅकिकार्पस नावाचा चिनी पंखापाम लावला, तो बाहेर कुंडीतच असतो, बर्फ पडला तरी. उणे दहाच्या खाली गेलं तरी मोठं झाड तगतं. लहान रोपाला मात्र पहिले काही हिवाळे जपावं लागतं, आणि जपायचं ते कुंडीला. मुळांभोवती बबलरॅप गुंडाळतो, कुंडी घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला चिकटवून ठेवतो आणि कडाक्याच्या दिवसांत पानं वर गोळा करून सुतळीने सैल बांधतो म्हणजे मधल्या कोंबात पाणी साचून गोठत नाही. गोठणं वगळलं तर पुण्यालाही हेच लागू आहे, कोंबात गार पाणी साचू द्यायचं नाही.

हा पाम रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४९ मध्ये चीनहून इंग्लंडला पाठवला, त्याच्या शास्त्रीय नावात फॉर्च्यून आहे तो हाच. आणि ह्याच गृहस्थाने कंपनी सरकारसाठी चीनमधून चहाची रोपं उचलून हिंदुस्थानात आणली.

पेठेतला_बाळ:
म्हणजे आमचा अमृततुल्य त्याच्या कृपेने? बसवा पुतळा.

कुंपणावरची:
आसामचा चहा इथलाच आहे हो मूळचा, सगळं श्रेय त्याला देऊ नका.

चिंगी:
माझ्याकडे पण कुंडीत पाम आहे, सेगो पाम, त्याला काहीच करावं लागत नाही, वर्षातून एकदा एकदम सगळी पानं येतात. तो लावा की.

रानजाई:
चिंगे, तो सायकस. पाम नाहीच तो, सूचिपर्णी झाडांच्या जवळचा. पण कुंडीत राहणारा चिवट बाबा आहे हे खरं. लंडनच्या क्यू बागेत त्याचा एक आफ्रिकन भाऊबंद १७७५ पासून कुंडीत आहे, जगातलं सगळ्यात जुनं कुंडीतलं झाड म्हणून त्याला दाखवतात. तुझ्याकडे कुत्रा आहे ना? सायकसच्या बिया आणि पानं दोन्ही कुत्र्याला विषारी, यकृतावर जातं. उचलून वर ठेव.

चिंगी:
बापरे. आत्ताच्या आत्ता.

कुंपणावरची:
पुण्याचा स्वतःचा पाम कुणालाच आठवत नाही याचं मला नवल वाटतं. शिंदी! ओढ्याकाठी, माळावर, मुठेच्या खोऱ्यात कुठेही आपोआप उगवते, थंडी, दुष्काळ, खारं पाणी काही म्हणत नाही. उन्हाळ्यात सकाळी ज्या स्टॉलवर नीरा पिता ती हिचीच. कुंडीत लावायचीच हौस असेल तर बी टाका आणि विसरून जा.

गच्चीवाला:
शिंदीच्या पानांच्या बुडाशी सुईसारखे काटे असतात ताई. बाल्कनीत कपडे वाळत घालताना कळेल.

कुंपणावरची:
माडावर कपडे वाळत घालणार आहात का तुम्ही?

गच्चीवाला:
नाही, पण बाल्कनी चार बाय आठची असते, झाड आणि माणूस एकमेकांना घासूनच उभे असतात.

मी गच्चीवर निळा ड्रम अर्धा कापून त्यात ऑरेंज ड्वार्फ या ठेंगू नारळाचं रोप लावलंय, म्हणून माझा अनुभव टाकतो. पश्चिमेला ऊन सगळं मिळतं. तळाला बुडापासून बोटभर वर, बाजूंना भोकं पाडली, त्यावर विटांचे तुकडे, मग लाल माती, जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत, साधारण सारखं सारखं. कोकोपीट थोडंच. तयार मिक्समध्ये कोकोपीटच जास्त असतं आणि ते थंडीत पाणी सोडतच नाही. (नारळाला नारळाच्याच भुश्शात लावायचं हा काय प्रकार आहे तेही मला कळत नाही.) डिसेंबर-जानेवारीत ड्रमभोवती गोणपाट दोन पदरी गुंडाळतो आणि वर वाळलेल्या पानांचं आच्छादन, बुंध्यापासून थोडं लांब. पानांवर प्लास्टिक घालत नाही, दिवसा आत भाजून निघतं. हिवाळ्यात झाड थांबतं, अगदी थांबतं, होळी झाली की परत नवीन पान. थांबणं म्हणजे मरणं नाही, हे एकदा कळलं की निम्मी काळजी कमी.

एक मात्र आहे, ठेंगू जाती ताण कमी सोसतात. सायलीकडचा गुहागरचा म्हणजे बहुतेक बाणवली, उंच जात, तो जास्त काटक. पण तो कुंडीत कितीसा राहणार ते वेगळं.

नानासाहेब_निवृत्त:
बाणवलीच असणार. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने निवडीतून काढलेली प्रताप ही जातही त्याच गोतावळ्यातली. कुंडीत फळाची अपेक्षा ठेवू नये, उंच जातीला जमिनीतसुद्धा सहा-सात वर्षे आणि पुढे लागतात. नर्सरीत नऊ ते बारा महिन्यांचे, पाच-सहा पानांचे, बुंधा जाड असलेले रोप लागवडीला निवडतात. तेवढे होईपर्यंत कुंडी हा चांगला पाळणा आहे. त्यानंतर त्याला जमीन द्यावी.

आता त्या न उघडणाऱ्या कोंबाचे. सायलीताई, कोंब दोन बोटांत धरून हलका वर ओढून पाहा. जोर लावू नका. घट्ट असेल तर झाड फक्त थांबले आहे, वाट पाहा. सहज निसटून हातात आला आणि बुडाशी घाण वास आला तर कोंब सड. नारळाला वाढीचे टोक एकच असते, बाजूने फांदी फुटत नाही, ते टोक गेले की झाड गेले. म्हणून ही तपासणी महत्त्वाची. सड वरवर असेल तर कुजका भाग स्वच्छ सुरीने काढून एक टक्का बोर्डो मिश्रण कोंबात ओतावे. घरच्या मापात दहा ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, दहा ग्रॅम चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात, मग एकत्र करून ढवळावे. लोखंडी भांडे नको. तयार मिश्रणात लोखंडी पाते थोडा वेळ बुडवावे, त्यावर तांबूस लेप आला तर चुना कमी पडला आहे, आणखी थोडा घालावा.

अवि_एडिंबरा:
नानासाहेब, पात्याची ही खूण भारी आहे.

हडपसरकर:
आणि भुंगा विसरू नका. मित्राच्या फार्महाऊसवर कुणी नीट न कुजलेलं शेणखत टाकलं, त्यात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या. गेंड्या भुंग्याच्या निघाल्या. त्याने कोंब पोखरला की पुढचं पान उघडतं ते कात्रीने तिरपं कापल्यासारखं. शेणखत घेताना पूर्ण कुजलेलं, भुरभुरीत, वास नसलेलं घ्या आणि चाळून घाला.

सायली_बावधन:
ओढून बघितला. घट्ट आहे!!! हुश्श. वरची माती काढली, अर्धा नारळ उघडा केला, बुडाशी अजून तरी कडक लागतंय. ताटलीत पांढरा थर आहेच, काकांनी सांगितलं तसं. ताटली हद्दपार, विटा आल्या, आरओचं पाणी आता फरशीला.

उन्हाचं काय करू? उत्तरेची बाल्कनी काही फिरवता येत नाही.

डॉक्टर_घुबड:
गच्चीचा जिना तुमच्या मजल्यावरून किती?

सायली_बावधन:
गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे. मागे कुणीतरी तिथे पापड वाळत घातले त्यावरून सहा महिने व्हॉट्सअॅपवर भांडण चाललं होतं.

पेठेतला_बाळ:
माडाचं सांगूच नका, नारळ पडून गाडीची काच फुटली तर, असा प्रश्न पहिल्या मिनिटाला येईल. रोप अजून गुडघ्याएवढं आहे हे कुणी बघणार नाही.

गच्चीवाला:
त्यात अगदीच चूक नाही. शंभर लिटरची कुंडी ओल्या मातीसकट दीडशे किलोच्या वर जाते, स्लॅबवर बीमच्या जवळ ठेवावी लागते आणि वॉटरप्रूफिंग जपावं लागतं. पुढे एकदा जमिनीत मोठं झालं की तोडायलाही परवानगी लागते, वृक्षसंवर्धनाचा १९७५ चा कायदा आहे. कमिटी घाबरते ती उगाच नाही.

रानजाई:
दक्षिणेला खिडकी आहे का? बेडरूमची, किचनची कुठलीही. ग्रिलच्या आत कुंडी ठेवून काच उघडी ठेव दिवसा. चार तास ऊन मिळालं तरी हिवाळा निघेल. कुंडीखाली चाकं लाव, रात्री ओढून आत. पण एकदम कडक उन्हात नको, पहिले काही दिवस फक्त सकाळचं.

सायली_बावधन:
किचनची ड्राय बाल्कनी दक्षिणेला आहे! वॉशिंग मशीन आहे तिथे. नवऱ्याला सांगते मशीन हलव.

चिंगी:
लॉबीतला पाम हवा होता ना त्याला, आता मशीन उचल म्हणावं =))

माडाचीवाडी:
मी परत येतोय मिठाचं सोडून. गुहागरचं घर अजून आहे ना तुमचं? मग एवढा आटापिटा कशाला, हा हिवाळा काढा, उन्हाळ्यात वाढू द्या आणि पुढच्या जूनला पहिल्या पावसात त्याच परसात नेऊन लावा. पुण्यात वाढलेलं रोप आहे म्हणून तिथे कुणी नावं ठेवणार नाही. बाल्कनीत पाम हवाच असेल तर राफिस आणा, नाहीतर चामेडोरिया. उत्तरेच्या उजेडात ते आनंदाने राहतात.

रानजाई:
राफिसला +१. अरेका पाम पण चालेल पण त्याला उजेड जरा जास्त लागतो आणि कोरड्या हवेत कोळी ही कीड फार लागते, पानं खालून पाण्याने धुवावी लागतात.

सायली_बावधन:
(फेब्रुवारी) मंडळी, धागा वर काढतेय. मधला कोंब उघडायला लागला! टोकाला थोडा चुरगळलेला आहे पण हिरवा. जुनी दोन पानं पूर्ण गेली, ती हिरवी होती तोवर कापली नाहीत. जानेवारीत थंडीची लाट आली तेव्हा गोणपाट गुंडाळलं, कामवाल्या मावशींनी विचारलं, ह्याला पण ताप आलाय का. मशीन अजून हॉलमध्ये आहे.

आता नवीन प्रश्न. सासूबाईंनी येणाऱ्या पाहुण्यांबरोबर दोन पोफळीची रोपं पाठवलीयेत. सुपारी. ती पण ड्राय बाल्कनीत ठेवू?

नानासाहेब_निवृत्त:
अभिनंदन. नाही, पोफळीला उलट करा. तिचे रोप लहानपणी सावलीतच वाढवतात, कोकणात माडाच्या आणि केळीच्या सावलीला लावतात, पश्चिमेच्या उन्हाने तिचा बुंधा भाजतो. तुमची उत्तरेची बाल्कनी तिला योग्य. ओल मात्र माडापेक्षा जास्त लागते आणि हवा कोरडी असली की पाने लवकर सुकतात, तेव्हा उन्हाळ्यात सकाळी पानांवर पाण्याचा फवारा मारा. हलक्या पाण्याचा.

पेठेतला_बाळ:
श्रीवर्धनी असेल तर सुपारी कातरायला मला सांगा.

गच्चीवाला:
बाळ, आधी पाच-सात वर्षं थांब. तोवर मशीन हॉलमध्येच का?